कोनफ्लॉवरचं पहिलं फूल

माय, माझं हे अंगण तू पाहिलं असतंस, तर आधी विचारलं असतंस, "हे खातेत का?" नाही खात. कोनफ्लॉवर म्हणतात याला. खाली झुकलेल्या जांभळट गुलाबी पाकळ्या आणि मधोमध केशरी, टोचणारं बोंड. गडचिरोलीच्या घरी वांगी उपटून मी ते लावलंय. ओरडू नकोस, कुंपणावर वालाचा वेल तसाच ठेवलाय.

बी शेजारच्या बाईंनी दिलं. ओल्या कागदात गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवायचं, थंडी लागल्याशिवाय ते उगवत नाही म्हणे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात याचं कसं व्हायचं, हीच मला धास्ती. होळीपर्यंत तीन रोपं धरली आणि कूलर सुरू झाले. तुझे जावई चिमूरकडचे, जीव लावणारा माणूस. कूलरच्या टाकीतलं पाणी झाडांना घालायचं, ही इथल्या घराघरातली रीत. दुपारी रोपांनी माना टाकल्या की हे बादली ओतायचे. दोन रोपं मुळापासून कुजली.

"अवं, तहानेनं मरून राह्यली होती बिचारी!"

"तहानेनं नाई, तुमच्या मायेनं मेली," मी म्हटलं.

उरलेलं एक मी मुरूम-गिट्टी घालून केलेल्या उंच वाफ्यात हलवलं. खत नाही, माती सुकल्याशिवाय पाणी नाही. आपल्या लाडानं मरतं आणि जरा दुर्लक्ष केलं की तरारतं, असं हे बेटं झाड. पावसाळाभर मी बुडाशी बोट खुपसून पाणी साचलंय का ते बघायची. तेही गेलं असतं, तर पुन्हा लावायचं बळ माझ्यात नव्हतं. पोळ्याच्या सुमारास कळी उघडली आणि मी या वयात अंगणात टाळ्या पिटल्या.

यांनी लगेच हात पुढे केला, "थांब, तुझ्या अंबाड्यात लावतो." मी त्यांच्या हातावर चापट मारली. "हात नोका लावू! पहिलं हाये!" आवाज माझा नव्हता, तुझा होता. एटापल्लीच्या पलीकडचं आपलं गाव. लहानगी मी झाडाखाली बसून कैरी खातेय. मार्का पंडुम, आपला आंब्याचा सण, अजून व्हायचाय. गावानं नवा आंबा पूर्वजांना दिल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचा नाही. तू चूल सोडून धावत येतेस आणि माझ्या गालात बोट घालून फोड बाहेर काढतेस. "मेलेल्यायच्या आधी खातं काऊन? त्यायले भूक नाई का?" आणि पंडुम झाल्यावर सगळ्यात मोठा आंबा तू माझ्याच हातात ठेवलास. किती रडवायचीस आणि किती लाड करायचीस गं.

"हे काय आंबा हाये का?" जावई हसले. मग म्हणाले, "बरं, मायलेच देऊन येऊ. तिच्या दगडापाशी ठेवू." गावाबाहेर तुझ्या नावानं उभा केलेला तो दगड यांनी एकदाच पाहिलाय. पण आठवण ठेवली. मला फार बरं वाटलं.

रविवारी निघायचं ठरलं. सकाळी कात्री घेऊन वाफ्यापाशी गेले. फुलावर मधमाशी होती, ती उडू दे म्हणून थांबले. ती उडाली, दुसरी आली, मी बसलेलीच. मग आत येऊन यांना सांगितलं, "नाल्याले पूर हाये म्हणते, गाडी बंद हाये." यांनी काही न विचारता पिशवीतला डबा बाहेर काढला आणि आम्ही घरीच जेवलो.

ही चिठ्ठी फुलासोबत तुझ्या दगडापाशी ठेवणार होते. ती अजून माझ्याकडेच आहे, आणि फूल झाडावर. पूर नव्हता, माय. मलाच ते आणखी थोडे दिवस बघायचं होतं.