कपाटाखालचा तुकडा

३ मार्च

चि. खारूताईस आबाचे अ. आ. (जरा रागावून).

तुझं पत्र आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. अमुक आकाराच्या फरशा कितीही मोठ्या जमिनीवर फट न ठेवता बसतील का, या एका प्रश्नामागे तू तीन वर्षं घातलीस. आता कॉम्प्युटरच्या बुद्धीने दहा मिनिटांत ‘बसतात’ म्हणून पुरावा लिहून दिला. सरांनी मान डोलावली, पदार्थविज्ञानवाल्या मैत्रिणीने त्यावरून स्फटिकांचं गणितही मांडायला घेतलं. म्हणून तू संशोधनच सोडणार! जेवतेस ना वेळेवर?

मी सातवी नापास, मला काय कळणार. पण चाळीस वर्षं फरशा बसवल्या. एकदाच घाईत, मधोमध दोरी न ताणता, भिंतीला धरून पहिली ओळ लावली. भिंत सरळ असणारच, असं धरून चाललो. सगळ्या ओळी सुरेख गेल्या आणि शेवटच्या कोपऱ्यात दोन बोटं फट! ते आपलंच स्वयंपाकघर. तुकडा भरून बुजवली, वर कपाट आहे. आजीला पत्ता नाही, बोलू नकोस.

तुझ्या यंत्राने पहिली ओळ कशाला धरून लावली, तेवढं बघ. मग खुशाल सोड.

तब्येत सांभाळ, काळजी करायला मी आहे.

तुझा आबा

१९ मार्च

ती. आबांस सा. न. वि. वि.

शेवटची पानं अवघड, म्हणून आम्ही सगळे तीच तपासत होतो. तुमच्या पत्रानंतर पहिलं पान काढलं. दुसऱ्याच ओळीत यंत्राने धरून टाकलंय की आकार कुठलाही असो, एका फरशीभोवती फरशांचा एक वेढा बसला, तर पुढचे वेढेही बसणारच. मी पुठ्ठ्याचे एका वेगळ्याच आकाराचे तुकडे कापून पाहिले. तीन वेढे बसले, चौथा काही केल्या बसेना! यंत्राला सांगितलं, तर त्याने लगेच माफी मागितली. सर आता पहिल्या पानापासून पुन्हा तपासताहेत. प्रश्न पुन्हा सुटायचा राहिला आणि मी सोडण्याचा अर्ज फाडला.

कपाटाचं गुपित माझ्यापाशी राहील. तुमचं रागावणं असंच चालू राहो.

तुमची खारूताई

२ एप्रिल

चि. खारूताईस अ. आ.

उत्तर मोडलं म्हणून नाचणारी तू पहिलीच! आता आणखी किती वर्षं, हा नवा घोर मला.

तुझं पत्र आजीने आधी फोडलं. मी मान खाली घालून कपाट सरकवायला गेलो, तर म्हणाली, राहू द्या, कंबर धरेल. तुकडा तिने पहिल्याच दिवशी पाहिला होता; मला वाईट वाटू नये म्हणून कपाट तिनेच तिथे ठेवून घेतलं.

तीस वर्षं मी धरून चाललो होतो की तिला माहीत नाही. तीही भिंत वाकडीच निघाली, बघ.

लोभ आहेच, आजीचा जरा जास्त.

तुझा आबा