बुजगावण्याच्या आत कोण

विस्कॉन्सिन, ५ ऑक्टोबर १९३६

चि. सेल्मा हीस आईचा आशीर्वाद. वि. वि.

पोरींच्या हॅलोविनच्या सोंगांच्या कपड्यांचं पार्सल पोचलं. अर्धा तास उकळा अशी नर्सबाईंची चिठ्ठी होती, मी तासभर उकळलं. टोराचं बुजगावणं झकास, इंगाचं मांजरही झकास. पिठाच्या पिशव्यांवरची छापील अक्षरं शिवणीत बरी दडवलीस. पोरींना अगदी मापात बसलं. दुकानात कागदी पोशाख आलेत म्हणे. एक शिंक आली की फाटायचे.

बटाटे तळघरात पडले. माझे गुडघे गेलेत, पण गाईंना ते कोण सांगणार? तुझा नवरा लाकूडतोडीच्या छावणीत बरा आहे, पत्र आलं.

डॉक्टरांनी कळवलंय, ३१ तारखेला दुपारी पोरींना तुझ्या खिडकीखाली उभं करा, आत आणू नका. शेजारचा हॉकन गाडीतून नेईल. टोरा म्हणते, हॅलोविनचा नियम तो नियम. आईनं ओळखून नावानं हाक मारली तरच मुखवटा काढायचा. मी म्हटलं, आजारी बाईची कसली परीक्षा घेता? ऐकतंय कोण.

खात जा. माया आहेच, ती काय दर पत्रात लिहायची?
तुझी आई

---

क्षयाचं इस्पितळ, ११ ऑक्टोबर

ती. आईस सेल्माचा नमस्कार. वि. वि.

बसले ना पोशाख! दोन वर्षांत पोरी डोळ्यांनी पाहिल्या नाहीत. इंगा माझ्या कमरेला कुठवर लागायची ते आठवून कापड कापलं. दिवसाला दहा टाके, त्यापुढे ताप चढतो. थकले गं आई. पण एवढ्यात हे एकच थकणं कामाचं होतं.

नियम असू दे. मला सोपं आहे. बुजगावणं टोरा, मांजर इंगा. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा मागच्या महिन्यात खाली येऊन उभा राहिला, तर तिनं मलाच विचारलं, हा कोण गं? माझं तसं नको व्हायला. इंगा चार वर्षांची होती, ती मला विसरली असेल तर विसरू दे. मी तिला विसरले असं मात्र तिला वाटायला नको. मोठ्यानं ओरडायला डॉक्टरांनी दोनच हाका दिल्यात. दोघींना एकेक.

तुझा लोभ थोडा जास्तच पाठव, इथं पुरत नाही.
सेल्मा

---

१७ ऑक्टोबर

चि. सेल्मा हीस आशीर्वाद. वि. वि.

आढेवेढे घेत नाही. मी खोटं लिहिलं. मांजर इंगाच्या गुडघ्यापर्यंतच पोचतं, आणि डोकं आत अडकलं ते आम्ही दोघींनी ओढून काढलं. टोराचं बुजगावणं आता इंगाला बसतं. टोराला मी जुन्या घोंगडीचं अस्वल करून दिलंय. डोकं पेंढा भरून भलतंच मोठं झालंय, हसू नकोस.

पोरी वाढल्यात, सेल्मा. खातात, वाढतात. माझ्यानं तुला ते लिहवेना म्हणून नाही लिहिलं.

तर ध्यानात ठेव, बुजगावणं इंगा, अस्वल टोरा. तुला कळवलंय हे पोरींना सांगितलेलं नाही. नियम मोडला म्हणून टोरा माझं डोकं खाईल. आणि इंगा शाळाभर सांगत सुटलीये, आईनं माझ्यासाठी शिवलंय, ती मला ओळखणारच.

रडू नकोस. ताप वाढतो.
आई

---

१ नोव्हेंबर

चि. सेल्मा हीस आशीर्वाद. वि. वि.

चूक माझी. तू वरून काय पाहिलंस ते तुला ठाऊक, खाली काय झालं ते सांगते. मी दाराशी कागदावर सही करायला गेले, तेवढ्यात गाडीमागे पोरींनी कपडे बदलले. टोरा कोंबून कोंबून बुजगावण्यात शिरली, काखेत टर्रकन फाटलं. इंगा अस्वलात बुडाली. तू बुजगावण्याकडे बघून इंगा म्हणून हाक मारलीस, अस्वलानं उडी मारली आणि मुखवटा भिरकावला. पोर नाचत होती. मग तुला खोकल्याची उबळ आली आणि नर्सबाईंनी खिडकी लावली.

टोराला म्हटलं, काढ आता ते तोंडावरचं. तर म्हणाली, मला कुठे हाक मारलीये? घरी आल्यावरही काढलं नाही. मुखवट्याखालून सूप प्यायली. आज चर्चमध्येही तशीच बसली, पाद्रीबाबा बघून न बघितल्यासारखं करत होते.

कपडे का बदलले विचारलं. म्हणते, आईला वाटणार बुजगावणं म्हणजे मी. तिनं इंगाला टोरा म्हटलं असतं तर इंगा रडली असती. आता सांग, नऊ वर्षांच्या पोरीनं सगळं बरोबर केलं आणि माझ्या शहाणपणानं मातीत घातलं. तिला तसं सांगायला गेले तर शब्द नीट लागेनात. तूच लिही. माझ्यानं होत नाही.

आई

---

इस्पितळ, ४ नोव्हेंबर

चि. टोरा हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुझं एकटीचं आहे. आजीला वाचायला दिलंस तरी चालेल, इंगाला नको.

आजीनं मला आधी लिहिलं होतं, बुजगावणं इंगा घालणार. नियम आम्ही दोघींनी मोडला. खिडकीत आले तेव्हा बुजगावण्याच्या बाह्या कोपरापर्यंतच दिसल्या. तो एक खांदा जरा वर धरून तू उभी राहतेस ना, तसाच होता. ही टोरा, असं पहिल्यांदा डोळ्यांत आलं. पण माझी मापं दोन वर्षं मागे राहिलेली, मांजरानं ते दाखवून दिलंच होतं. म्हटलं, माझ्या डोळ्यांवर काय विश्वास ठेवायचा? आजी रोज बघते, तिचं खरं. म्हणून तुझ्याकडे बघून इंगाचं नाव घेतलं. तुझं घ्यायला तोंड उघडलं, तर खोकला आला.

पुढचे दोन महिने मोठ्यानं बोलायचं नाही असं डॉक्टर म्हणतात. लिहायला कुणी बंदी घातलेली नाही.

टोरा.

टोरा.

अगं टोरा!

तुझी आई