दुसरं औषध चालू नाही

बाबा, परवा मी माझ्या हिरड्या दाखवायला गेले होते. बुलढाण्यात आता दातांचे दवाखाने गल्लोगल्ली झाले आहेत. तुमच्या वेळी आपल्याला माहीत असलेला एकच होता, तो खामगावात, आणि त्यासाठी आपण दोघं पिंपळगावहून सकाळच्या मोटारीने निघालो होतो. इथली डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची आहे. गोळ्या लिहून देताना तिने विचारलं, “आजी, आणखी कोणती औषधं चालू आहेत?” मी पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या तिच्या टेबलावर मांडल्या. तिने त्या एकेक उचलून वाचल्या, आणि स्वतःच लिहिलेल्या एका गोळीवर काट मारून खाली दुसरी लिहिली. “तुमच्या रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ती चालली नसती,” म्हणाली. एवढ्याला अर्धं मिनिट लागलं.

मी उठले नाही. माझ्या मागे रांग होती, आणि रांग अडवून बसणाऱ्या बायकांचा मला आयुष्यभर राग आलेला आहे. तरीही बसून राहिले. तिला विचारलं, फार जुनी गोष्ट आहे, फिटच्या गोळ्या रोज घेणाऱ्या माणसाला हिरड्यांसाठी दिवसातून चार वेळा कॅप्सूल दिली तर काय होईल? तिने कॅप्सूलचं नाव विचारलं. साठ वर्षांत ते मी कोणापुढे उच्चारलेलं नव्हतं, विसरलेही नव्हते. ते ऐकल्यावर तिने पेन खाली ठेवलं. ती कॅप्सूल फिटच्या औषधाला अंगातून बाहेर पडू देत नाही, असं ती म्हणाली. रोजची गोळी आदल्या दिवशीच्या गोळीवर साचत जाते, माणसाचा तोल जातो, जीभ जड होते, एकाची दोन दिसू लागतात. आणि त्या माणसाच्या हिरड्या मुळात फिटच्या गोळ्यांनीच वाढल्या असतील. “नक्की नाही सांगता येणार, आजी. कोण होते ते?” मी म्हटलं, गावातले एक मास्तर होते.

म्हणून हे लिहीत आहे. टपालात टाकायला पत्ता नाही, हे मला कळतं.

तुम्हाला मिरगी आहे ही गोष्ट घरात तिघांनाच ठाऊक होती. मी चौथीत असताना शेताच्या बांधावर तुम्हाला पहिल्यांदा झटका आला, आणि मायने तुमच्या नाकाला कांदा लावलेला मी पाहिला. त्यानंतर आणखी दोन आले, दोन्ही घरातच, दार लावून. मग अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि झटके थांबले ते थांबलेच. बाटलीवरचा कागद तुम्ही ब्लेडने खरवडून काढायचात. बाटली ओव्याच्या डब्यात असायची, आणि दुपारची गोळी कागदाच्या पुडीत बांधून सदऱ्याच्या खिशात. कोणी विचारलंच तर पित्ताची. मिरगीवाल्याच्या हातात वर्ग कोण देणार, आणि मिरगीवाल्याची पोरगी कोण करणार, हे दोन प्रश्न आपल्या घरात कधी मोठ्याने विचारले गेले नाहीत. ते विचारायची गरजच नव्हती.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तुमच्या हिरड्या दातांवर चढू लागल्या. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. घास चावताना रक्त यायचं. वर्गात बोलताना तुम्ही उपरण्याचं टोक तोंडाशी धरायचात. भाकरी सुटली, वरणात कुस्करलेला काला सुरू झाला, आणि माय म्हणायची, “म्हाताऱ्यावानी काला खाऊन राह्यले! पाव्हण्यायसमोर तोंड कसं उघडसान?” पाहुणे म्हणजे वडनेर भोलजीचे. मोठी शेती, मुलगा नागपूरला वकील होऊन बुलढाण्याच्या कोर्टात लागलेला. त्यांना शिकलेली मुलगी हवी होती आणि मला तिथे जायचं होतं. हे आज साफ लिहिते, कारण पुढे सगळे म्हणत राहिले की पोरीने आईबापाच्या शब्दाला मान दिला. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. मला तो मुलगा, ते शहर आणि तो वकिलाचा बंगला हवा होता.

खामगावच्या त्या खोलीत तुम्ही लाकडी खुर्चीवर मान मागे टाकून बसला आहात. मी भिंतीला टेकून उभी आहे. कंपाउंडर चिमटे उकळत्या पाण्यातून काढतो आहे आणि बोलतो आहे. तो वडनेरचाच निघाला. “आमच्या गावात सोयरीक होऊन राह्यली म्हणे, गुरुजी? मोठं घर भेटलं बरं तुमाले!” डॉक्टर तुमच्या तोंडात आरसा धरतात, बोटाने हिरड्या दाबून पाहतात. मग विचारतात, “मास्तर, दुसरं काही औषध चालू आहे का?” तोंडात आरसा असल्यामुळे तुम्ही बोलू शकत नाही. डोळे फिरवून माझ्याकडे पाहता. मी म्हणते, “नाही. दुसरं औषध चालू नाही.” डॉक्टर आरसा काढतात आणि मलाच म्हणतात, “नाही, अशा हिरड्या मी मिरगीच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या पाहिल्यात, म्हणून विचारलं.” कंपाउंडरचा चिमटा हवेतच थांबलेला मला दिसतो. “आमच्या घराण्यात असलं काही नाही,” मी म्हणते. आवाज चढवला नाही. पुढे मुख्याध्यापिका झाले तेव्हा ज्या आवाजात मी पालकांना गप्प करत असे, तो आवाज मला त्या दिवशी सापडला. डॉक्टरांनी हिरड्या थोड्या कापल्या, औषधाचा बोळा भरला, आणि दहा दिवसांच्या कॅप्सूल लिहून दिल्या. दर सहा तासांनी एक, एकही चुकवायची नाही.

मी एकही चुकू दिली नाही. मायला घड्याळ कळत नव्हतं, म्हणून दोन्ही औषधं माझ्याकडे होती. कॅप्सूल सहाला, बाराला, सहाला, बाराला. तुमच्या गोळ्या तीन वेळा जेवणानंतर. शाळेत जाताना पुडी खिशात घातली की नाही हेही मी पाहायची. चौथ्या दिवशी तुम्ही उंबऱ्याला ठेचकाळलात. पाचव्या दिवशी फळ्यावर ओळ लिहिताना खडू फळ्याबाहेर भिंतीवर गेला, असं शेजारचा पोरगा सांगत आला. शाळा सुटल्यावर तुम्ही रस्त्याच्या कडेने कुडाला हात लावत येत होतात, तेव्हा पाराजवळ बसलेल्यांतला एकजण ओरडला, “काय गुरुजी, मोहाची घेतली काय? सकाळपासूनच?” बाकीचे हसले. तुम्ही सुपारीसुद्धा न खाणारा माणूस. घरी येऊन ओट्यावर बसलात आणि मला हाक मारलीत. जीभ वळत नव्हती. म्हणालात, “पोरी, मले दोन दोन दिसून राह्यलं. त्या डाक्टरले जाऊन खरं सांगू का?”

दुसऱ्या दिवशी माझं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. खामगावची मोटार दुपारी दोनला होती, तेव्हा एक वाजला होता. हे मी इतक्या वेळा मोजलं आहे की आता मोजायचंही राहिलेलं नाही. मी म्हटलं, “उद्याचा दिवस जाऊ द्या, बाबा.” तुम्ही मान हलवलीत. वाद घातला नाहीत. तुम्ही ओरडला असतात तर मी कदाचित गेले असते, असं मी नंतर स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. मी गेले नसते.

साक्षगंधाला वडनेरची माणसं आली. तुम्ही माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना टिळा लावायला वाकलात आणि बोट कपाळाऐवजी त्यांच्या भुवईवर टेकलं. मांडवातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. मी आतून खिडकीतून पाहत होते. सासऱ्यांनी तुम्हाला खांद्याला धरून बाजूला नेलं, माझ्या खिडकीखालीच. “गुरुजी, घेता का हो कधीमधी? अहो, लाजता काऊन! आमच्याबी घरी चालते.” तुम्ही उपरण्याचं टोक तोंडाशी धरलंत. मग म्हणालात, “हाव. कधीमधी.” ते मोठ्याने हसले, तुमच्या पाठीवर थाप मारली, आणि पुढचा विधी सुरू झाला. पाहुणे गेल्यावर माय रडायला लागली, “पेलं म्हनून काऊन सांगतलं हो? जल्मात थेंब नाही घेतला!” तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “पेनारा बाप चालते. मिरगीवाला चालत नाही.”

साक्षगंध झालं होतं. खामगावला जायला आता हरकत नव्हती. पण मी म्हटलं, चारच दिवसांचं औषध राहिलं आहे, अर्धवट सोडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. शिकलेली मुलगी होते ना. सातव्या दिवशी मुख्याध्यापकांनी तुमच्या हातात लेखी ताकीद ठेवली, शाळेत मद्यप्राशन करून येण्याबद्दल. वीस वर्षांच्या नोकरीतली पहिली. तुम्ही सही केलीत. ती सही मी पाहिली, ओळीच्या खाली घसरत गेलेली.

आठव्या दिवशी, सकाळच्या शाळेतून आल्यावर, तुम्ही वाळलेल्या कुरडया काढायला धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, चढलात. लग्नाच्या कुरडया. माय म्हणाली होती, “तुमी नका चढू, पोरगी चढन.” तुम्ही म्हणालात, “कुरडया आनता येत नाहीत का मले?” आणि माय सूप मागायला शेजारी गेली.

गावाने म्हटलं, मास्तर पिऊन पडला. शाळेत शोकसभा झाली नाही. वर्षाने माझं लग्न झालं, आणि सासरी पंगतीत कोणी पेला पुढे केला की सासरे तुमची आठवण काढून हमखास म्हणायचे, “आमचे ईवाई असते तर साथ देली असती!” सगळे हसायचे. मीही वाढता वाढता हसायची. माझा नवरा भला माणूस होता. कोर्टात जन्मभर खऱ्याखोट्याची चिरफाड केली, आणि मरेपर्यंत त्याला वाटत होतं की आपला सासरा दारूने गेला. मुलांनाही तेच ठाऊक आहे. धाकटा तर दारूला शिवत नाही, आजोबांचं उदाहरण देतो.

हे पत्र मुलांना दाखवणार नाही. लिहून झालं की फाडीन, कारण इथवर लिहिलेलं सगळं कधीतरी कोणी समजून घेईल. शिकलेली असली तरी पोरच होती, म्हणेल. पुढचं मला कोणाला वाचू द्यायचं नाही.

तुम्ही पडल्याचा आवाज ऐकून मी आतून धावत आले. शिडीशी तुम्ही कुशीवर पडला होतात, कानातून रक्त येत होतं, डोळे उघडे होते. माय हाकेच्या अंतरावर होती, सगळी आळी होती. मी हाक मारली नाही. आधी खाली बसले आणि तुमच्या सदऱ्याच्या खिशातली गोळ्यांची पुडी काढायला हात घातला. माणसं जमली की खिसे तपासतील, डॉक्टर येईल, विचारेल. खिसा तुमच्या कोपराखाली दबलेला होता, हात जाईना. तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि कोपर उचलून थोडं बाजूला घेतलंत.