बाईंचा भाऊ

३ जानेवारी, शुक्रवार

केंद्रप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या! स्वतः उठून! मी खडू हातात धरून नुसती उभी. नमुना पाठ इतका रंगेल असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं.

'मुलांची ऑनलाइन सुरक्षा' हा विषय डिसेंबरात माझ्या गळ्यात पडला. तिसरीच्या पोरांना पासवर्ड आणि प्रायव्हसी काय सांगणार, कपाळ! डोक्यावरून जातं सगळं. शेवटी मीच एक युक्ती काढली — तीन प्रश्न. गेममध्ये किंवा फोनवर कुणी बोलायला आलं की आधी विचारायचं : माझ्या बाबांचं नाव काय? माझी शाळा आणि वर्ग कोणता? माझ्या बाई कोण? तिन्ही उत्तरं बरोबर आली तर आपला माणूस. एक जरी चुकलं तरी फोन आईच्या हातात.

पाठात मी अनोळखी माणूस झाले आणि वर्गातल्या पूनमने मला प्रश्न विचारले. मी मुद्दाम चुकले. तर ही कमरेवर हात ठेवून म्हणते, "खोटं! चल, फूट हितनं!" केंद्रप्रमुख पोट धरून हसले. आमच्या मुख्याध्यापकांनी, बिराजदार सरांनी, त्याचा व्हिडिओ काढला. शाळेच्या पेजवर आजच टाका म्हणाले. पेज मीच सांभाळते. समोर इंग्रजी माध्यमाची शाळा झाल्यापासून आमचा पट घसरतोय, त्यामुळे काही चांगलं झालं की आधी पेजवर. टाकला.

४ जानेवारी, शनिवार

व्हिडिओ अडीच हजार जणांनी पाहिला! अवधूत म्हणतो, "आताच सही घेऊन ठेवतो तुझी, नंतर भाव खाशील." नवरा आहे म्हणून सोडून दिलं.

७ जानेवारी, मंगळवार

विचित्रच आहे काहीतरी. मधल्या सुट्टीत वह्या तपासत होते. पूनम टेबलाला रेलून म्हणाली, "बाई, तुमचा भाऊ लई भारी हाय की."

मी म्हटलं, "कुणाचा भाऊ?"

"तुमचा!" आणि जीभ चावून पळाली.

मला भाऊ नाही. एक बहीण, ती मोहोळला. चुलतभाऊ आहेत दोन, पण ते अकलूजला कारखान्यात, सोलापुरात वर्षातून एकदा येतील तर येतील. कुणाबद्दल बोलत होती ही?

८ जानेवारी, बुधवार

पूनमला आज पुन्हा विचारलं. मान हलवते, ओठ घट्ट. "सिक्रेट हाय." एवढंच.

घरी सांगितलं तर अवधूतला मजा वाटली. म्हणे, "मला मेहुणा झाला आणि कुणी पेढासुद्धा दिला नाही?" मीही हसले. मग भाजी फोडणीला टाकली आणि हसू गेलं. पोर दुसऱ्याच कुणाच्या भावाबद्दल बोलत असेल? पण 'तुमचा' म्हणाली. स्पष्ट म्हणाली.

९ जानेवारी, गुरुवार

क्रमाने लिहिते, नाहीतर माझंच मला कळणार नाही.

शाळा सुटल्यावर पूनमला थांबवलं. रागावणार नाही म्हणून गळ्याची शपथ घेतली, तेव्हा बोलली. आईच्या फोनवर मोटारींचा गेम खेळते, स्वतःच्याच नावाने आणि फोटोने. त्यात बोलता येतं. तिथे एकजण आला. मी तुझ्या इंद्रायणीबाईंचा भाऊ म्हणाला. मग बाईंचा भाऊ म्हणजे मामाच की! 'मामा' म्हणते ती त्याला.

मी म्हटलं, "अगं, प्रश्न विचारायचे ना!"

"इचारले की! तिन्ही. तुमी सांगितल्यासारकं. सगळे बरोबर आले."

पुढचं एकेक करून काढून घेतलं.

मामा रोज बोलतो. आई किती वाजता कामाला जाते, घरी मागे कोण असतं, हे विचारून झालंय. आता अठरा तारखेला, शनिवारी चार वाजता, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ये म्हणालाय, मोठ्या पाळण्याच्या तिकीट खिडकीशी. एकटीनेच यायचं. बाईंना सांगायचं नाही — त्यांची गंमत करायची आहे!

आईवडिलांना तिथल्या तिथे बोलावून घेतलं. बाप बिरुदेव मार्केट यार्डात टेम्पो चालवतो, आई कडक भाकऱ्यांच्या कारखान्यात. मूळची सांगोल्याकडची मंडळी. बापाने ऐकलं आणि माझ्यासमोर पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "साळंत घातली ती ह्यासाटी व्हय?" आई रडत म्हणाली, हिला गावाला आजीकडे धाडते, बास झाली शाळा. पूनम माझ्याकडे बघत होती. मी कधी बोलते याची वाट बघत होती.

मी बोललेच नाही. प्रश्न मी शिकवले होते, हे एक वाक्य! तोंडातून निघालं नाही. "फोन बंद करून ठेवा, पुसू नका काही," एवढंच सांगितलं आणि घरी आले. लाज वाटते.

१० जानेवारी, शुक्रवार

पूनम आली नाही.

दिवसभर डोकं भणभणतंय. त्याला माहीत कसं? बिरुदेवचं नाव, आमचा वर्ग, माझं नाव — हे ज्याला माहीत तो जवळचाच असणार. हाच तर माझा नियम! मग कोण? शिपाईमामा? रिक्षावाले काका, जे तिला सोडतात? गणवेश शिवणारा? आज रिक्षावाल्या काकांनी नेहमीसारखा नमस्कार केला तर मी तोंड फिरवलं. बिचारे बघतच राहिले. संध्याकाळी तर अवधूतच्या फोनकडेही क्षणभर बघितलं. माझं मलाच कळेना, मी काय करतेय.

११ जानेवारी, शनिवार

सापडलं.

पोलिसांत जायचं झालं तर पूनमचा एखादा फोटो लागेल म्हणून पेज उघडलं. ऑक्टोबरातला वाढदिवसाचा फोटो. आमच्याकडे ज्याचा वाढदिवस त्याने हातात पाटी धरायची, बाईंनी शेजारी उभं राहायचं. पाटीवर : कु. पूनम बिरुदेव, इयत्ता तिसरी ब. खाली शाळेचं नाव. फोटोखाली 'वर्गशिक्षिका सौ. इंद्रायणी' आणि फुलं-केकची चित्रं. पाटीवर अक्षर माझं. फोटो टाकणारी मी.

आणि वर परवाचा व्हिडिओ! प्रश्न कोणते ते त्यात, उत्तरं पाटीवर. मी प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका दोन्ही चव्हाट्यावर लावली आणि पोरीला म्हटलं, जो पास होईल तो आपला. शिकलेली बाई मी! बी.एड. करून!

बिराजदार सरांना शाळेतच गाठलं. पेज बंद करा म्हटलं, पोलिसांत जाऊ म्हटलं. सर वाईट नाहीत, पण घाबरले. "बाई, मार्चपासून प्रवेश. शाळेचं नाव आलं तर पट घसरेल, तुकडी बंद होईल, सगळ्यात आधी तुमचीच. पालकांनी फोन काढून घेतलाय ना? मग विषय संपला की." वर म्हणाले, फोटो तर सगळ्याच शाळा टाकतात. खरं आहे तेही. मग चूक कुणाची? सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही का? काही कळत नाही.

पेजचा पासवर्ड माझ्याकडे आहे. घरी येऊन वाढदिवसाचे सगळे फोटो आणि तो व्हिडिओ काढून टाकला. सरांना अजून माहीत नाही.

१३ जानेवारी, सोमवार

भोगीची भाजी खारट झाली. अवधूत काही न बोलता जेवला, म्हणजे माझं तोंड बघण्यासारखं असणार.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगुळाचा डबा घेतला आणि पूनमच्या घरी गेले. अवधूत बरोबर येतो म्हणाला; नको म्हटलं. पूनमची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. सांगोल्याहून आजी तिला न्यायला आली होती — केराबाई. कपाळभर कुंकू, आवाज खणखणीत.

उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर पुन्हा गिळलं असतं. म्हटलं, "पूनमची काही चूक नाही. मी शिकवलं तसंच्या तसं तिने केलं. त्याला उत्तरं मिळाली तीसुद्धा माझ्यामुळे." पाटीचा फोटो दाखवला.

बिरुदेवने फोटो बोटांनी मोठा करून पाटी वाचली. पूनमची आई म्हणाली, "आवो बाई, पन हा फोटू तर आमी समद्या पावण्यांना धाडलावता." आणि एकदम रडायला लागली.

केराबाई मात्र लेकावर घसरल्या. "पोरगीनं बाईचं ऐकलं. बाईला सांगितलं बी तिनंच. मग मार कुनाला? तिलाच! उद्या काय झालं तर सांगंल का ती तुला? मी न्हाय नेत तिला. ऱ्हाऊ दे हितंच." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन तुमी बी आधीच बोलायचं की वो."

बोलायचं होतं. हो.

पूनम आतल्या दाराआडून ऐकत होती. तिळगूळ दिला तर घेतला, पण 'बाई' म्हणून हाक नाही मारली.

१५ जानेवारी, बुधवार

बिरुदेव आणि मी सायबर पोलिसांकडे गेलो. तिथे प्रियदर्शनी नावाच्या मॅडम होत्या, पोरसवदा दिसतात पण पक्क्या. फोन ताब्यात घेतला. बोलणं पुसलं नाही हे फार बरं केलंत म्हणाल्या. बरेच पालक आधी फोन आपटतात आणि पुरावाच जातो. शनिवारी पाळण्याशी साध्या कपड्यात त्यांची माणसं असतील. पूनम घरीच राहील.

सरांनाही सांगून टाकलं. रागावले. मग म्हणाले, "माझी नातपण त्या पेजवर आहे हो." आणि पाणी मागितलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

पूनम आली! मागच्या बाकावर बसली. पोरांना काय कळलंय कोण जाणे, कुणी तिच्याशेजारी बसेना. माझा जीव तुटला.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळची शाळा. हजेरी घेतली आणि फळ्यासमोर उभी राहिले. "तुमच्या बाईंनी तुम्हाला चुकीचं शिकवलं," म्हटलं. बाई चुकतात हे पोरांना नवीनच.

तीन प्रश्न रद्द. आपली माहिती आहे म्हणून माणूस आपला होत नाही. गेममध्ये कुणीही बोललं, मामा म्हणो, काका म्हणो, बाईंचा भाऊ म्हणो, आधी घरातल्या मोठ्या माणसाला दाखवायचं. 'कुणाला सांगू नको' म्हणाला तर धावत सांगायचं. घरी भीती वाटली तर मला. मी रागावणार नाही, मारणार नाही, आणि घरच्यांनाही मारू देणार नाही. मुलांच्या मदतीचा १०९८ हा फोन नंबर फळ्यावर मोठा लिहिला आणि वहीत उतरवून घ्यायला लावला. शेवटी म्हटलं, "पूनमने सांगितलं म्हणून माझी चूक मला कळली. तिच्यासाठी टाळ्या." वाजवल्या. पूनमने मान वर केली नाही.

संध्याकाळी प्रियदर्शनी मॅडमचा फोन. पाळण्याशी कुणी आलंच नाही. सुटकेचा श्वास टाकायचा की घाबरायचं? त्याला कळलं असेल? की नुसतीच पोरकट थट्टा होती कुणाची? अवधूत म्हणतो, झालं ते झालं, एका पोरीवर निभावलं. तसंच असेल. असू दे बाई तसंच.

२० जानेवारी, सोमवार

मधल्या सुट्टीत टेबलापाशी पूनम आली. मागे दोघींना हाताला धरून. "सांगा की, बाई रागवत न्हाईत," म्हणाली त्यांना. त्यांच्यामागे अजून एक उभा. त्याच्यामागे अजून. सगळ्यांच्या गेममध्ये आलेला मामा तोच. पटावर सत्तावीस मुलं. रांग दारापर्यंत गेली तेव्हा मी मोजली — अकरा.