बारा पाण्यांनी धुतलेलं जेल

२ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
आजपासून संकल्प. एक: कुणावरही चिडायचं नाही. दोन: कशाचीही किळस करायची नाही, त्यात फार वेळ जातो. तीन: सत्तावीस तारखेला वार्षिक समिती आहे. तिच्यापुढे असं काम ठेवायचं की लॅबमधली माझी जागा पुढच्या वर्षीही पक्की. जागा गेली तर घरी परत. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. रिकाम्या हाताने परत येणारीही पहिलीच व्हायचं नाही.

८.४०
लॅबच्या फ्रिजमध्ये नमुन्यांशेजारी अर्धं खाल्लेलं सँडविच. त्याला केस फुटले आहेत. शी! संकल्प क्रमांक एक आणि दोन उद्यापासून.

३ फेब्रुवारी
सँडविच बोळाचं निघालं. बोळा म्हणजे माझा सिनियर. सहा वर्षं इथेच आहे. टेबल, चष्मा, नाक, सगळं एकाच टिश्यूच्या बोळ्याने पुसतो आणि तो बोळा परत खिशात घालतो, म्हणून बोळा. निळ्या रंगावर काम करतो, त्यामुळे बोटं बारा महिने निळी. काचेच्या कांडीने चहा ढवळतो. चहात बिस्कीट इतका वेळ बुडवून धरतो की ते लिबलिबीत होऊन आत पडतं. मग त्याच कांडीने शोध. मला बघून म्हणाला, या फिनेलबाई, फ्रिजची तपासणी झाली का? मी फ्रिज पुसायला घेतला. संयम.

५ फेब्रुवारी, दुपार
समितीला सोपं करून सांगता आलं पाहिजे, म्हणून इथे सराव करते.
हायड्रोजेल म्हणजे लांबलचक रेणूंच्या धाग्यांचं जाळं. पोटात नव्वद टक्के पाणी, तरी वाहत नाही. माझं जेल हुशार आहे. गार असताना त्याच्या धाग्यांना पाण्याचा लळा असतो, म्हणून ते फुगून बसतं. चौतीस अंशांच्या वर गेलं की त्यांना पाणी नकोसं होतं. धागे एकमेकांना बिलगतात, जाळं आकसतं आणि आतलं पाणी पिळून निघतं. पाण्यात औषध असेल तर तेही निघतं. आता अंगावरची कातडी बत्तीस-तेहतीस अंशांवर असते, पण जखम चिघळली की तापते. म्हणजे पट्टीत हे जेल असेल तर चांगल्या जखमेवर ते गप्प राहील आणि चिघळलेल्या जखमेला कुणी न सांगता औषध देईल. नर्सला पट्टी उचकटून बघायला नको. पू नको, वास नको. जगातली किळस थोडी कमी होईल.
वाचून पाहिलं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. समितीच्याही येईल.

संध्याकाळी
आईला फोनवर हेच वाचून दाखवलं. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात आहे. बावीस वर्षं लोकांच्या रक्ताच्या चादरी धुते. मला म्हणायची, तू शिक, तुझ्या हाताला हे लागायला नको. आज म्हणाली, अगं बाई, असलं काही खरंच निघालं तर माझ्या निम्म्या चादरी वाचतील की. बाबांना जेलचा फोटो पाठवला. ते म्हणाले, हे शेंबडासारखं काय आहे? फोन ठेवून दिला.

६ फेब्रुवारी
मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, तीन आठवडे परिषदांना गेल्या. जाताना म्हणाल्या, अडलं तर बोळाला विचार. (त्या त्याला नावाने हाक मारतात. विद्वान माणसांना काही दिसत नाही.)
न अडताच विचारलं. तो म्हणाला, औषध नंतर, आधी निळा रंग भरून बघ. कुठे राहतो, कुठे जातो, ते डोळ्यांना दिसतं. आणि क्रम चुकवू नकोस. आधी जेल बनवायचं, मग धुवायचं, मग सुकवायचं आणि शेवटी औषधाच्या पाण्यात टाकायचं, म्हणजे ते पिऊन घेतं. हे दाखवायला त्याने बिस्कीट चहात धरलं. बिस्कीट पडलं. कांडी आली. पुढचं ऐकवलं नाही.
निर्णय: निळा रंग नाही. रंग बालवाडीत. माझं औषध पाण्यासारखं नितळ आहे, ते मशीन मोजेल. आणि बुडवणंही नाही. औषध कच्च्या मिश्रणातच घालायचं आणि मग जेल जमू द्यायचं. म्हणजे औषध जन्मापासून आत.
बोळा म्हणाला, अगं, जाळ्याची भोकं मोठी आणि तुझ्या औषधाचा रेणू पिटुकला. नुसतं जाळं त्याला धरत नाही. कसली तरी ओढ लागते. धाग्यांवर ऋण भार आणि औषधावर धन भार, असं काहीतरी. बोलता बोलता माझ्याच वहीत चित्र काढलं. पानावर निळा अंगठा उमटला. पान फाडून टाकलं.

८ फेब्रुवारी
जेल जमलं! काचेसारखं स्वच्छ. या इमारतीतली एकमेव स्वच्छ वस्तू.
मात्र जमताना सगळा कच्चा माल जाळ्यात गुंफला जात नाही. उरलेला आतच अडकून राहतो आणि तो विषारी असतो. म्हणून जेल पाण्यात ठेवून पाणी बदलत राहायचं. बोळा दोनदा बदलतो. त्याच्याकडून दुसरी अपेक्षाही नाही. मी तीन दिवस, रोज चार वेळा. बारा पाणी.

११ फेब्रुवारी
बारावं पाणी झालं. पहिल्या पाण्याला कसलासा उग्र वास होता, बाराव्याला काही नाही. बोळा सारखा म्हणत होता, धुणं ओतू नकोस, बाटल्यांत ठेव, मोजावं लागतं. म्हणजे घाणीचं पाणी भरून, नाव घालून, कपाटात रचायचं! बाराच्या बारा पाणी सिंकमध्ये ओतलं. वर फिनेल.
आईला सांगितलं. मला वाटलं, धुण्याचं कौतुक तिला तरी कळेल. ती म्हणाली, तीन दिवस? बारा पाणी? मग औषध राहिलं का गं त्यात? आमच्याकडे चार पाण्यांत रक्त जातं. मी शांतपणे समजावलं, आई, हायड्रोजेल म्हणजे चादर नव्हे. ती म्हणाली, नसेल बाई, तू शिकलेली आहेस.
मग जेवलीस का विचारून तिने फोन ठेवला.

१३ फेब्रुवारी, सायंकाळी ६
शून्य! शून्य! शून्य!
पंचवीस अंशांच्या पाण्यात सहा तास ठेवलं. दर अर्ध्या तासाला पाण्याचा थेंब मशीनमध्ये. औषध शून्य. एक कणसुद्धा बाहेर नाही. असं धरून ठेवणारं जेल मी कुठल्याही शोधनिबंधात वाचलेलं नाही. आलेख मॅडमना पाठवला. फोनवर त्यांचा अंगठा आला. मागोमाग, आता तापवून बघ.
बोळा आलेखाकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, फारच स्वच्छ आहे. मत्सर.

१७ फेब्रुवारी
तापवलं. छत्तीस अंश. काय देखणं दृश्य! नितळ जेल दुधासारखं पांढरं झालं, आकसून निम्म्यावर आलं, पाणी पिळून बाहेर पडलं. ते पाणी मशीनमध्ये घातलं.
शून्य.
कारण लगेच कळलं. मशीनच्या काचेच्या डबीवर बोटाचा ठसा होता. निळा. शी, शी, शी.

१८ फेब्रुवारी
मशीन आतून-बाहेरून पुसून काढलं. मशीनवाले काका भडकले. म्हणाले, अठरा वर्षं हे मशीन मी सांभाळतोय, लेकराच्या वर, आणि तुम्ही त्याला फिनेल लावता? मी म्हटलं, फिनेल नव्हतं, स्पिरिट होतं. त्यांनी माझ्यासमोर बोळाचं निळं पाणी मोजलं. आकडा बरोब्बर आला. माझं मोजलं. शून्य. काका म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही, ताई, तुमच्या पाण्यात पाणीच आहे.
नवीन संकल्प: मशीन चालवणाऱ्यांशी विज्ञान बोलायचं नाही.

२० फेब्रुवारी
चाळीस अंश. शून्य. पंचेचाळीस. शून्य. साठ. शून्य, आणि हाताला चटका. साठ अंशांची जखम कुणाला होत नाही हे मलाही कळतं. सांगायची गरज नव्हती, तरी बोळाने सांगितलं. आणि विचारलं, औषध मिश्रणात घातलं होतंस, तर धुतल्यावर आत किती उरलं ते मोजलंस का? बोलताना नाक पुसत होता. त्याच बोळ्याने मग माझं टेबल पुसायला लागला. अशा माणसाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तरी कसं?

२२ फेब्रुवारी
पहाटे डोळा उघडला आणि उलगडा झाला. माझं जेल फसलेलं नाही. ते औषध इतकं घट्ट धरतं की साठ अंशांनाही सोडत नाही. हा दोष नाही, हा शोध आहे. स्लाइडवरचं शीर्षक बदललं: ‘अतिधारक हायड्रोजेल: एक नवी संकल्पना’. सोडण्याचं पुढच्या वर्षी बघू. आधी धरणं महत्त्वाचं.
बाबांचा फोन. मालाच्या गाडीवर असतात, त्यांनी गोदामात सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरीची पट्टी दवाखान्यात येणार म्हणून. आईने धुलाईखान्याच्या मुकादमबाईंना सांगितलंय. मी म्हटलं, जवळजवळ झालंच आहे.

२७ फेब्रुवारी, सकाळी ७
समिती. हात चार वेळा धुतले. प्रोजेक्टरचं बटण कागदाने दाबायचं. आत्मविश्वास भरपूर.

संध्याकाळी ५
समितीत मॅडम, दोन सर आणि बाहेरून आलेल्या एक वयस्कर बाई. बाईंना खोकला होता. पूर्ण वेळ गोळी गालात धरून चोखत होत्या, मधूनच दातांवर वाजवायच्या. मला सारखं तिकडेच लक्ष द्यावं लागत होतं. तरी जखमेचा भाग छान झाला. दोघे सर मान डोलवत होते.
मग बाईंनी गोळी या गालातून त्या गालात नेली आणि विचारलं, औषध कधी भरलं? मी म्हटलं, जन्मापासून आत. त्यांनी विचारलं, आणि धुतलं कधी? मी म्हटलं, त्यानंतर. त्या म्हणाल्या, किती वेळा? हा प्रश्न येईल अशी आशाच होती. मी ताठ उभी राहून सांगितलं, तीन दिवस, बारा पाणी.
प्रोजेक्टरजवळ मशीनवाले काका बसले होते. त्यांच्या नाकातून आवाज आला.
बाई म्हणाल्या, आणि ते बारा पाणी कुठे आहे? मी म्हटलं, ओतलं. त्या म्हणाल्या, मग बाळा, औषधही तिथेच आहे. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मॅडम टेबलाकडे बघत होत्या.
मला बाहेर बसायला सांगितलं. बाकावर कुणीतरी च्युइंगम चिकटवला होता. त्यावरच बसले. उठून पुसावंसंही वाटलं नाही.

२८ फेब्रुवारी
जेलचा उरलेला तुकडा बारीक चिरला, उकळला, काकांकडे नेला. शून्य. गेले दोन आठवडे मी पाणी मोजत होते. पाण्यात भिजलेलं पाणी.
स्वतःची किळस येते. ती कशाने धुवायची ते ठाऊक नाही.

२ मार्च
पत्र आलं. जागा तीन महिन्यांपुरती राहिली. अट: पुढचे सगळे प्रयोग सिनियरच्या देखरेखीखाली. सुरुवात निळ्या रंगापासून.
आईला सगळं सांगितलं, सिंकसकट. वाटलं, म्हणेल, मी सांगत होते. ती म्हणाली, तुझ्याकडे पाणी तरी भरपूर आहे ना? मग बाटलीत धरून ठेवायला लाग. आम्हीही नवी चादर आली की किती पाण्यांत धुवायची ते पाणी बघूनच ठरवतो. बावीस वर्षांत हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

९ मार्च, दुपार
धागे नवे, ऋण भाराचे. रंग धन भाराचा. क्रम बोळाने सांगितला तो. जेलने रंग पिऊन घेतल्यावर वरवरचा काढायला पुन्हा धुतलं. पहिलं धुणं: निळं. दुसरं: फिकं निळं. तिसरं: जवळजवळ पाणी. जेल अजून गडद. तिन्ही बाटल्यांवर नाव आणि तारीख घालून कपाटात ठेवल्या. एकही ओतली नाही.
माझी दहाही बोटं निळी. साबणाने सहा वेळा धुतली. आईला विचारलं, कशाने घासू? ती म्हणाली, घासू नकोस, रंग राहील आणि कातडं जाईल.
ओल्या हातांनी उभी होते. पुसायला काही नव्हतं. बोळाने खिशात हात घातला आणि बोळा पुढे केला.
घेतला. शी.