सैफला जमिनीवर बसवून तपासावे

प्रति,
मा. फेरतपासणी अधिकारी साहेब,
दिव्यांग प्रमाणपत्र कक्ष, खान्देश विभाग.

विषय : नातू सैफ हसीब पिंजारी, वय ११, यास खुर्चीवर न बसवता जमिनीवर बसवून पुन्हा तपासणेबाबत.
संदर्भ : तपासणी मंडळाचे ‘पात्र नाही’ असे पत्र.

महोदय,

अर्जदार मी हमीदाबी नूर महंमद पिंजारी, राहणार दोंडाईचा, धंदा गाद्या-रजया शिवणे, शिक्षण तिसरी. अक्षर नात नाजमीनचे आहे, बोलणे माझे. ती म्हणते, दादी, अर्जात असे लिहीत नाहीत. मी म्हटले, तू लिही.

१) सैफला स्नायूंचा आजार आहे. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितले की अंगातली प्रत्येक पेशी तिच्याजवळच्या हुकमाप्रमाणे प्रथिने बनवते. सैफच्या हुकमात मध्येच एका जागी ‘काम थांबवा’ अशी खूण पडली आहे. त्यामुळे स्नायूला धरून ठेवणारे प्रथिन अर्धेच बनते व वाया जाते, आणि स्नायू साध्या हालचालीनेही फाटत जातो. मला ते लगेच समजले. गादीला टाके नसले की कापूस सरकून एका जागी गोळा होतो. वरून गादी जाड दिसते, पाठ टेकली की खाली फरशी लागते. सैफच्या पोटऱ्या तशा आहेत.

२) मंडळातील एका साहेबांनी त्याच पोटऱ्या दाबल्या आणि हसून म्हणाले, हा तर पहिलवान आहे, अंडी द्या, प्रोटीनचा डबा द्या. अंडी आम्ही देतोच. टाके नसलेल्या गादीत आणखी कापूस कोंबून काय होणार, हे साहेबांनी कळवावे.

३) मंडळ दुसऱ्या मजल्यावर बसते. लिफ्ट बंद होती. माझ्या मुलाने, हसीबने, सैफला पाठीवर वर नेले व खुर्चीवर बसवले. खुर्चीवरून तो उठला, दारापर्यंत गेला. पत्रात आले की ‘बालक दुसऱ्या मजल्यावर स्वतः उपस्थित होते व चालू शकते.’ उपस्थित होते हे खरे. बापाच्या पाठीवर उपस्थित होते. मी कारकुनाला विचारले तर तो म्हणाला, आजी, चालणे बंद झाले की घेऊन या, लगेच होऊन जाईल. त्या दिवशी पेढे पण घेऊन येऊ का, असे मी विचारले. त्याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

४) हा आजार खुर्चीवर दिसत नाही, जमिनीवरून उठताना दिसतो. माझे मालक नूर महंमद यांचे गुडघे गेलेले. नमाजमध्ये सजद्यातून उठताना ते गुडघ्यावर, मग मांडीवर हात टेकत वर येतात. दोन वर्षांपूर्वी शेजारी सैफही तसाच उठू लागला, जणू स्वतःच्याच अंगावर चढतो आहे. सगळी रांग उभी, हे दोघे मागे. लोक म्हणत, नातू हुबेहूब आजोबांवर गेला. आम्हीही खूश. ईदला पाहुणे आले की त्याला उठून दाखवायला सांगत असू. डॉक्टरीणबाईंनी त्याला फरशीवरून एकदाच उठवले आणि त्या हसल्या नाहीत.

५) त्याच कारकुनाने सर्वांसमोर विचारले की हे आईकडून आले का. तेव्हापासून माझी सून नौशीन मुलाला आंघोळ घालत नाही, म्हणते माझ्याच हातून आले. माझ्या घरात कुणाकडून काय आले हे मी बघेन. मंडळाने टक्के बघावेत.

६) सहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. मुख्याध्यापक म्हणतात, चाळीस टक्क्यांचा कागद आणा, वर्ग खाली आणतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, जिन्यात पडला, हाड मोडले, अंथरुणाला खिळला, तर पुन्हा चालेलच असे नाही. हसीब पहाटेच टेम्पो घेऊन जातो, म्हणून मी सैफला पाठीवर वर नेते. गेल्या गुरुवारी अर्ध्या जिन्यात माझेच गुडघे बसले. आम्ही दोघे पायरीवर. घंटा झाली, पोरे बाजूने वर गेली. सैफने सवयीने मांडीवर हात टेकले, पुन्हा खाली बसला आणि हळूच म्हणाला, “दादी, आता आपल्याला कोण उठवणार?”

घरी येऊन मी नाजमीनला कागद काढायला लावला, तो हा अर्ज.

तरी विनंती की फेरतपासणीस आम्हाला वर बोलावू नये, आपण खाली यावे. जिन्याजवळ, फाटकाजवळ, कुठेही चालेल. सतरंजी मी आणीन. सैफला तिच्यावर बसवून ‘ऊठ’ म्हणावे. कुणी हात देऊ नये, मीही देणार नाही. तो उभा राहीपर्यंत आपण तोंड न फिरवता बघावे. मग टक्के आपणच लिहावेत.

कुणापुढे न वाकलेली, या एका कामी हात जोडणारी,

(सही) हमीदाबी नूर महंमद पिंजारी
दोंडाईचा, जि. धुळे
दि. ११ ऑगस्ट २०२५

सोबत : १) मुंबईचा रक्ततपासणी अहवाल. २) मंडळाचे पत्र. ३) ईदचा फोटो. त्यात सैफ उठतो आहे आणि मागे आम्ही सगळे हसतो आहोत.