पूर्वेच्या पेटीतली चोरी

१२ एप्रिल १९९३, भोकरदन

पूर्वेच्या मधपेटीच्या दारात आज मारामारी! माश्या एकमेकींना कवटाळून खाली कोसळत होत्या. फळीवर मेणाचा चुरा, आतली मधाची चौकट ओरबाडलेली. ही उपासमार नव्हे, चोरी आहे. करडई निघाली, रानात फूल उरले नाही. ही दुबळी पेटी जगावी म्हणून मी रोज तिला साखरेचा पाक देतो. तो दुसऱ्याच कोणाच्या पोटात जात आहे. मागल्या दारची, पश्चिमेची पेटी मात्र भरलेली आणि शिस्तीची. तिला कान लावून बसणे, हा निवृत्तीनंतरचा माझा एकमेव षोक.

१३ एप्रिल

चोर माश्या निघताना उंच उठतात आणि भिंतीकडे जातात. भिंतीपलीकडे शेजारी रामरावांची पेटी — माझ्याच माश्यांची वाटणी करून मीच दिलेली. ते पाक कधीच देत नाहीत. तरी त्यांची पेटी जोमात. कशावर? धूर दिसला की अग्नी मानावा, हे न्यायशास्त्र मी आयुष्यभर शिकवले.

रजनीचे मत: “अहो, पाक तुम्ही भर उन्हात ठेवता, झाकणावर सांडता. वास सुटला की कोणीही येईल.” आमंत्रण आणि चोरी या भिन्न गोष्टी आहेत, असे तिला समजावले. “हे मुंग्यांना सांगा,” म्हणाली.

१५ एप्रिल

रामरावांशी बोललो. आरोप केला नाही, केवळ प्रश्न. ते हसले. “गुरुजी, माशीच्या पायात दावं बांधू काय? न्हाई तर रोज सांजच्याला एकेकीची झडती घेतो मंग!”

थट्टा हे उत्तर नव्हे. पेटी दूर न्यावी, असे मी सुचवले. त्यांनी एकदा पेटीकडे पाहिले. मग — “तुम्हीच दिलेली हाय. तुम्ही म्हन्ता तर नेतो मळ्यात.”

फार लवकर मान्य केले. निर्दोष माणूस वाद घालतो.

१७ एप्रिल

दाराला जाळी बांधून, वर ओले पोते टाकून पेटी बैलगाडीतून गेली. रामरावांच्या झुंबरबाई दारात उभ्या होत्या. रोज रजनीला हाक मारतात. आज मारली नाही. पहिला मध रामरावांनी आणि मी या भिंतीवर बसून ज्वारीच्या भाकरीशी खाल्ला होता — हे का आठवावे, कळत नाही. प्रस्तुत मुद्द्याशी त्याचा संबंध नाही.

कारण गेले की कार्य गेले पाहिजे. उद्या पाहू.

१८ एप्रिल

चोरी चालूच!

१९ एप्रिल

पर्याय दोनच. माझे अनुमान चुकले, किंवा पेटी गेलीच नाही. गाडी वेशीबाहेरून परतली नसेल कशावरून? त्यांच्या गोठ्यामागे पोत्यांखाली काहीतरी झाकलेले दिसते.

“कडबा आहे तो,” रजनी म्हणाली. “आणि तुमच्या अनुमानात रामराव हा माणूस कुठे बसतो?”

माणूस हा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, होऊ शकत नाही. तसे तिला सांगितले. ती उठून गेली.

२१ एप्रिल

झुंबरबाई भिंतीपाशी आल्या. “मळ्यातली पेटी रिकामी झाली, गुरुजी. माश्यांला तिथलं ऊन सोसलं न्हाई, समद्या उठून गेल्या. यांनी काल भाकर खाल्ली न्हाई बिलकुल.”

वाईट वाटले. तथापि, रिकामी पेटी दाखवणे कोणालाही कठीण नाही.

आता प्रत्यक्ष प्रमाणच हवे. उद्या पूर्वेच्या पेटीतून निघणाऱ्या चोरांच्या पाठीवर तांदळाची पिठी टाकणार. पांढरी पाठ कुठे उतरते, ते दिसेल. रजनीने पिठी चाळून दिली.

२२ एप्रिल

पांढरी माशी उठली. भिंतीपर्यंत गेली, वळली, आमच्याच छपरावरून मागल्या दारी उतरली. पश्चिमेच्या पेटीत शिरली. मग दुसरी. मग रांगच.

भिंतीपलीकडून रामराव — “गुरुजी, घावला का चोर?”

ओ दिली. पिठीचे हात पुसून भिंतीकडे निघालो.